गारांचे डोहाळे

गाडी तापत ठेवली आहे. पूर्वी आमच्याकडे आंघोळीचं पाणी तापत ठेवायचे, तशी आता गाडी तापत ठेवतात. निखिलने, म्हणजे माझ्या मुलाने, वर घरातूनच मोबाइलवर बटण दाबलंय. इथे खाली पार्किंगमध्ये चार्जरची वायर अजून गाडीला लागलेली आहे आणि आत हळूहळू ऊब धरते आहे. बाकीचे अजून वरच. कोणाला मोजे सापडत नाहीत, कोणाला थर्मासचं झाकण. मी मात्र केव्हाची येऊन मागच्या सीटवर बसले आहे, मांडीवर दोन ब्लँकेटं, पायाशी डब्यांची पिशवी. जीव थाऱ्यावर नसला की मला घरात बसवत नाही. आणि आज तो थाऱ्यावर नाही, कारण आज आम्ही पुन्हा जेबेल जैसला, इथल्या सगळ्यात उंच डोंगरावर, निघालोय.

शारजात थंडी आली हे आधी कानाला कळतं. सात-आठ महिने घरघरणारे एसी एके दिवशी बंद होतात आणि घर एकदम मुकं वाटायला लागतं. मग खिडक्या उघडतात. शेजारची कुकरची शिट्टी, खालच्या मजल्यावरचा अजान लावलेला टीव्ही, तळ्याकाठच्या पोरांचा आरडाओरडा, सगळं घरात शिरतं. कपाटातून स्वेटर निघतात, त्यांना डांबरगोळ्यांचा वास. आणि लोक तर काय विचारू नका! पारा जरासा खाली सरकला की अल मजाजला पाण्याकाठी अशा कानटोप्या आणि जॅकेटं दिसतात, की वाटावं सगळी मंडळी हिमालयातच निघालीत. पार्कात कोळशाच्या शेगड्या पेटतात, शेजारची केरळी बाई मुलांना कोवळ्या उन्हात तेल लावत बसते. सगळ्यांचे चेहरे सुट्टी लागल्यासारखे. मलाही हे दिवस आवडायचे. आता खिडकीतून ती पहिली गार झुळूक आली की मी उठून खिडकी लावून घेते.

उन्हाळ्याचं आम्हाला कोणी शिकवू नये. तीस वर्षं होत आली या देशात. स्टीअरिंगवर टॉवेल टाकायचा, काचेला चंदेरी पडदा लावायचा, अत्तराची बाटली गाडीत विसरायची नाही, निघायच्या आधी फोनवरून गाडी गार करून घ्यायची, हे सगळं आम्ही झोपेतसुद्धा करू. इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा आमच्या ह्यांनी शोरूममधल्या त्या पोराला दहा वेळा विचारलं, "बेटा, गर्मी में एसी चलाया तो कितना जायेगा? बॅटरी को कुछ होगा तो नहीं?" त्यानेही न कंटाळता दहा वेळा सांगितलं. थंडीत काय होईल हे ह्यांनी विचारलं नाही, निखिलने विचारलं नाही आणि त्या पोराने सांगितलं नाही. आम्हा गल्फवाल्यांना थंडी म्हणजे मौज. मौजेची कोणी काळजी करतं का? गाडीसुद्धा आमच्यासारखीच, गल्फची. सीटमधून गार वारा यायची सोय आहे, सीट गरम करायची नाही. गल्फच्या मॉडेलला ती देतच नाहीत म्हणे. कशाला देतील?

तर चार वर्षांमागे गौरीला, माझ्या सुनेला, दिवस गेले होते. पोरगी नाशिककडची. बोलायला कमी, पण जे बोलेल ते मनापासून. पाचव्या महिन्यात मी विचारलं, "काय गं, काय खावंसं वाटतंय? लाजू नकोस." मला वाटलं चिंच म्हणेल, कैरी म्हणेल. ती म्हणाली, "आई, गारा."

"काय?"

"गारा हो. आकाशातून पडतात त्या. लहानपणी आम्ही ताटं घेऊन अंगणात धावायचो. परकराच्या ओच्यात भरायचो आणि कडाकडा खायचो."

आता मी पडले वेंगुर्ल्याची. आमच्या कोकणात पाऊस म्हणाल तेवढा देऊ, गारा कुठून आणायच्या? फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने कुटून दिला. तिने बिचारीने माझं मन राखायला खाल्ला, पण तोंडावर दिसत होतं. म्हणाली, "ह्याला मातीचा वास नाही आई." घ्या! आता मातीचा वास शारजात कुठून आणू?

आणि डोहाळे म्हणजे काही साधी गोष्ट नाही आमच्याकडे. पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते म्हणतात. मी ते मानत नाही, पण मानत नाही म्हणून सोडूनही देत नाही. त्यात ही पहिली खेप. रीतीप्रमाणे माहेरी जायची, पण नोकरी सोडवेना म्हणून इथेच राहिली. तिच्या आईचा पाय मोडलेला, त्यांना येता येईना. त्या फोनवर म्हणाल्या, "विहीणबाई, पोर तुमच्या पदरात टाकलीय. तुम्हीच तिची आई." मी म्हटलं, "निर्धास्त राहा." मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ध्यानात आलं. दुसऱ्याची लेक आणि तिच्या पोटातला जीव, दोन्हींना मी जामीन!

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ठरलं. आमच्यात ते हौसेने कुठेकुठे करतात, नावेत करतात, बागेत करतात, चांदण्यात करतात. निखिल म्हणाला, "आपण डोंगरावर करू. पुढच्या आठवड्यात जेबेल जैसवर गारा पडणार असं फोरकास्ट आहे. गौरीचे डोहाळेपण खलास!" मी आधी नाहीच म्हटलं. मग गौरीचा चेहरा पाहिला. दिवाळीतल्या पोरासारखा उजळला होता. डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, सावकाश जा, सावकाश या. वरच्या अंगाला निखिलच्या ओळखीतल्या एकांची केबिन होती, रात्रीची सोय तिथे झाली. ह्यांचा दुबईत देऱ्यातल्या दुकानात माल उतरायचा होता, ते राहिले.

चढावर गाडीचे टक्के असे उतरत होते की मी पडद्याकडे बघायचंच सोडलं. निखिल म्हणे, "आई, टेन्शन नको घेऊ. उतारावर गाडी स्वतःच चार्ज होते. मागे मित्रांबरोबर आलो होतो ना, खाली पोचेपर्यंत कितीतरी परत मिळालं. फुकट!" ते खरंही होतं. पण तो गेला होता ऑक्टोबरात, टीशर्ट घालून.

केबिनच्या दारात गाडी रात्रभर उघड्यावर गारठत राहिली. सकाळी काचेवर पांढुरका थर होता. मी नखाने खरवडला तर बोट बधिर झालं. हौसेने गौरीला बोलावून दाखवला, तिने जिभेवर घेतला आणि म्हणाली, "हे नव्हे." दोघी हसलो.

आणि मग आम्ही जे केलं ते आम्हीच करू जाणे. त्या गाडीतून वीज बाहेर काढता येते, बोर्ड लावून. केबिनमधली वीज अधूनमधून जायची, म्हणून निखिलने गाडीतूनच वायर ओढली. त्यावर आधी माझी इंडक्शनची शेगडी लागली. मसालेभात गरम, कढी गरम, अळूवड्या पुन्हा तव्यावर. मग चहाची किटली. मग गौरीसाठी बांधलेल्या झोपाळ्याभोवतीच्या दिव्यांच्या माळा, भरदिवसा! मग गाण्यांचा स्पीकर. देऱ्याची आणि जुमेरा लेक टॉवर्सची अशी दोन ओळखीची कुटुंबं सकाळी आपापल्या गाडीने वर आली होती. बायकांनी गौरीला हिरवी साडी नेसवली, बर दुबईच्या बाजारातून आणलेले फुलांचे दागिने घातले. थंडीने सगळ्यांची नाकं लाल. कोणीतरी म्हणे, "काकू, अजून एक राउंड चहा होऊ दे." मी म्हटलं, "होऊ दे की, गाडीच्या जिवावर!" माझ्याच तोंडचे शब्द. दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, गौरीने उघडली त्यात बर्फी निघाली. मुलगी होणार म्हणून टाळ्या पडल्या.

दुपारी आभाळ भरून आलं तशी पाहुणे मंडळी खाली निघून गेली. आम्हीही निघायलाच हवं होतं. पण भांडी, वायरी, माळा आवरण्यात वेळ गेला, आणि गौरी म्हणाली, "आई, पाचच मिनिटं. मला वास येतोय."

आणि खरंच आल्या! आधी पत्र्यावर टक्टक्, मग सगळा डोंगर वाजायला लागला. हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या. तो तांबूस, सुकलेला दगडांचा डोंगर बघता बघता पांढरा झाला. गौरीने ओंजळ धरली. निखिल ओरडतोय, "गौरी, आत ये!" मी तिच्या डोक्यावर स्टीलचं ताट धरून उभी. तिने गार तोंडात टाकली, डोळे मिटले आणि चक्क रडली. आयुष्यात कोणाची इच्छा इतकी नेमकी पुरी झालेली मी पाहिली नव्हती.

गाडी उतरणीला लागली. पहिल्या वळणावर गौरीने माझा हात धरला. दुसऱ्या वळणावर घट्ट धरला. म्हणाली, "आई, कंबरेत काहीतरी होतंय." मी म्हटलं, "वारं लागलं असेल." म्हटलं खरं, पण दोन बाळंतपणं झालेली बाई मी. तिच्या पोटावर हात ठेवला तर पोट दगडासारखं. मग सुटलं. मग थोड्या वेळाने पुन्हा दगड. सातवा महिना!

"निखिल, हॉस्पिटलला फोन लाव."

"नेटवर्क गेलंय, आई."

बाहेर धुकं उतरलं होतं. दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं, पुढचा कठडासुद्धा दिसेना. वर येणारा रस्ता पोलिसांनी बंद केला असावा, कारण समोरून एक गाडी येत नव्हती. मागूनही कोणी नाही. आम्ही तिघं, आणि चौथा जीव जो अजून मोजायचा नव्हता.

"बघ, किती भरलं," मी विचारलं. मी पुढे वाकून पडद्याकडे पाहिलं. टक्के वाढत नव्हते. आकड्याशेजारी एक छोटी निळी खूण लुकलुकत होती, बर्फाची चांदणी असते ना, तशी.

"हे काय?"

"बॅटरी गार पडलीय. गार असली की उतारावरचं चार्ज घेत नाही म्हणतेय." त्याचा आवाज लहान झाला होता. "आणि पाय काढला की गाडी जशी धरते तशी धरतपण नाहीये. सारखा ब्रेक दाबावा लागतोय."

म्हणजे सगळा हिशोबच उलटा! ज्या उताराच्या भरवशावर आम्ही डोंगरावर चहाच्या फेऱ्या केल्या, तो उतार काही द्यायला तयार नाही. वर हीटर चालू, तो वेगळाच खातोय. पेट्रोलच्या गाडीत हीटर इंजिनाच्या उबेवर चालतो, फुकटात. हिच्यात प्रत्येक ऊब बॅटरीतून. हे आम्हाला तिथे, त्या वळणावर कळलं.

निखिल म्हणाला, "आई, हीटर बंद करतो. खाली पोचून शहरापर्यंत जायचंय. नाहीतर मधेच..." हीटर बंद झाला. लगेच समोरची काच आतून धुरकटली. आता रस्ताही दिसेना. मग पुन्हा थोडा वेळ काचेवरचा वारा लाव, मग बंद कर, मग मी पुढे झुकून पदराने काच पुस. असं चाललं होतं. मनात गणपतीचा जप आणि तोंडाने मुलाला, "सावकाश रे, सावकाश, लक्ष रस्त्यावर." माझा राग कुठे काढू समजेना. स्वतःच्या इंडक्शनला शिव्या घातल्या. त्या माळांना घातल्या. आभाळाला घातल्या.

गौरी थरथरत होती. ओली साडी मी आधीच उतरवून तिला माझी शाल, निखिलचं जॅकेट, दुलई, सगळं गुंडाळलं होतं. तरी दात वाजत होते. मी तिच्या पावलांना हात लावला. बाई गं! नुकत्याच वेचलेल्या गारांपेक्षा गार. ते मेंदीचं पाऊल, आणि एवढं गार! मी ती दोन्ही पावलं उचलून माझ्या मांडीवर घेतली, माझ्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरली.

ती एकदम पाय ओढायला लागली. "आई, नको. पायाला हात नका लावू. तुमच्या अंगाला पाय... मला पाप लागेल."

"गप बस. पापाचं काय ते मी बघते. तू श्वास घे."

"आई, बाळाला काही होणार नाही ना?"

विहीणबाईंचा आवाज कानात. मी म्हटलं, "माझ्या पोटाची ऊब लागतेय ना? तीच तुझ्या पोटात जातेय. झालं तर मग." ह्याला काही अर्थ होता का? नव्हता. पण तिने पाय ओढायचं थांबवलं. आणि मग एका कळेला तिने माझ्या पोटात टाच अशी रोवली, की मला माझा निखिल आठवला, आतून लाथा मारायचा तो. सून माझ्या पोटाशी, नातवंड तिच्या पोटात, आणि पुढे स्टीअरिंग धरून माझं पोर हुंदका दाबत होतं. मी सगळ्यांचे पाय चोळले असते त्या दिवशी.

धुकं विरळ झालं तेव्हा खाली लाल-निळे दिवे दिसले. पोलिसांची गाडी रस्ता अडवून उभी होती. निखिलने काच खाली केली. मीच ओरडले, "बेबी! बेबी कमिंग!" तो तरुण अरब शिपाई वाकून आत बघतो, गौरीचा चेहरा बघतो आणि त्याच्या भाषेत मला 'चला आई' म्हणतो: "यल्ला मामा, फॉलो मी. यल्ला, यल्ला!" आणि भोंगा लावून तो पुढे, आम्ही मागे. पडद्यावर आता लाल खूण पेटली होती. हीटर लावायची हिंमत नव्हती. हॉस्पिटलच्या दारात गाडी पोचली. स्ट्रेचर आलं, गौरीला घेऊन गेलं, आणि माझी मांडी एकदम रिकामी पडली. मी तशीच बसून राहिले. निखिल म्हणाला, "आई, उतर ना." मला उतरता येईना.

कळा थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. थांबल्या नाहीत. मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी. रडली म्हणजे काय, मांजराचं पिल्लू कुठेतरी लांब ओरडावं तशी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आता बघू, वजन वाढायला हवं. नर्स, केरळची, मला इंग्रजी समजेल न समजेल म्हणून हिंदीत म्हणाली, "अम्मा, अभी इसको सिर्फ गर्मी चाहिये. और दुआ. इन्शाल्ला."

फक्त ऊब. तीच तर आम्ही डोंगरावर उधळून आलो होतो. मी दिवसचे दिवस त्या पेटीपुढे बसले. सगळे त्या इवल्या छातीकडे बघायचे, मी भिंतीकडे बघायचे. पेटीची वायर जिथे भिंतीत गेली होती, तो प्लग नीट बसलाय ना, कोणाच्या पायाने हलला तर नाही ना. साफसफाईवाला आला की माझा जीव टांगणीला. एकदा मी त्याला चांगलंच झापलं, "भैया, वायर से दूर!" तो हसला आणि तेव्हापासून वळसा घालून जायला लागला. विहीणबाईंचा रोज फोन यायचा. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक दिवस नर्सने पेटीची गोल खिडकी उघडली आणि म्हणाली, "हाथ डालो अम्मा." मी बोट आत घातलं. पोरीने पाय झाडला, तो माझ्या बोटाला लागला. गरम होता! वाटाण्याच्या शेंगेएवढं पाऊल, पण गरम. मी तिथेच हमसून हमसून रडले, नर्सने मला खुर्चीवर बसवलं.

आता ही सगळी तयारी आम्हाला पाठ आहे. वर जायचं तर आदल्या दिवशी टायरची हवा बघायची. वायर लागलेली असतानाच गाडी तापवायची, म्हणजे बॅटरीचं खर्ची पडत नाही. ब्लँकेटं दोन जास्त. डोंगरावर शेगडी लावायची नाही, थर्मास न्यायचा, आणि उजेडातच परतायचं. निखिल हे सगळं न सांगता करतो. त्या दिवसाबद्दल आम्ही घरात बोलत नाही. मी तर म्हटलं होतं की त्या डोंगराचं नाव माझ्यासमोर काढू नका. पण काल टीव्हीवर गारांची बातमी आली आणि घरात एक व्यक्ती हटूनच बसली.

लिफ्टचं दार उघडलं. गौरी पुढे, तिच्या हातात थर्मास, मागून निखिल, आणि त्याच्या खांद्यावर लाल कानटोपी. माझी इरा. चार वर्षांची, वजनाने अजून हलकीच, जिभेने मात्र भारी. गाडीत चढली, बूट काढून फेकले, सीटवर आडवी पडली आणि दोन्ही पाय सरळ माझ्या मांडीवर टाकले.

"आजी, माय फीट आर कोल्ड. यू डू इट."

गौरी पुढच्या सीटवरून आरशातून बघत होती. सवयीने म्हणाली, "इरा! आजीला पाय लावतात का? नमस्कार कर आधी." आरशात तिची माझी नजरानजर झाली.

"असू दे गं," मी म्हटलं, आणि ती दोन्ही पावलं स्वेटरच्या आत घेतली.

बाहेर निखिलने चार्जरच्या वायरला हात घातला. "काढू ना आई? निघायचं?"

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून थोडं तापू दे."